जीप पाहावी वाकून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. त्यांच्या काळी जुन्या जीपगाड्या विकायला निघत नसत. नाहीतर 'जीप पाहावी वाकून' हा तिसरा चरण त्यांनी नक्की जोडला असता. कारण घर बांधताना आणि लग्न करताना माणूस निदान घाबरलेला तरी असतो. जुनी जीप घ्यायला निघालेला माणूस आनंदात असतो, आणि बाजारात आनंदात असलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणतात.

साधी मोटार घेणारा गृहस्थ कसा हिशेबी असतो! लिटरला किती जाते, डिकीत बॅगा किती मावतात, सासूबाईंना चढता-उतरता येईल का, असे सतरा प्रश्न विचारून तो समोरच्याला जेरीस आणतो. तोच गृहस्थ जुन्या जीपपुढे उभा राहिला की पोट आत घेतो, एक पाय बंपरवर ठेवतो आणि दूरच्या डोंगराकडे बघू लागतो. डोंगर नसला तर समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतो. विकणारा कसलेला असेल तर अशा वेळी तो एक शब्दही बोलत नाही. फक्त बाजूला उभा राहून फडक्याने आरसा पुसतो.

यात त्या गृहस्थाचा दोष नाही. जीप १९४१ साली महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकन सैन्यासाठी तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्रांनी ती मुंबईत माझगावला जुळवायला घेतली आणि मग ती आमच्या गावोगाव आली ती साहेब घेऊन. मामलेदार जीपमधून, फौजदार जीपमधून, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर जीपमधून, देवी टोचणारे जीपमधून आणि निवडणुकीचे कर्णे जीपवरून. सिनेमात डाकू पळायचे तेही जीपमधून आणि पोलीस त्यांच्यामागे लागायचे तेही जीपमधूनच. आमच्या पिढीतल्या पोरांनी लहानपणी जीपमागची धूळ पुष्कळ खाल्ली आहे. पन्नाशी उलटून हातात चार पैसे आले, की ती धूळ आतून वर येते.

आमच्या दाजींच्या बाबतीत मात्र नुसती धूळ नव्हती, खरी गरज होती. दाजी निवृत्त झाले आणि ताईला घेऊन पाटण तालुक्यातल्या आपल्या वाडीवर राहायला गेले. डांबरी रस्ता संपल्यावर वाडीपर्यंत चार किलोमीटर चढ आहे. लाल मातीचा, मध्ये एक ओढा. उन्हाळ्यात त्या वाटेला रस्ता म्हणता येते. पावसाळ्यात ती ओढ्याची धाकटी बहीण होते. मागच्या ऑगस्टमध्ये ताईला ताप भरला, तो उतरेना. रात्री अकराला वाडीतल्या चौघांनी तिला बाजेवर घातली, वर इरली धरली आणि मांडीभर पाण्यातून ओढा ओलांडून खाली आणली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. बारा दिवसांनी ताई घरी आली आणि दाजींना म्हणाली,

"चौघांच्या खांद्यावरून एकदा गेले ती परत आले. दुसऱ्यांदा गेले तर परत यायचं माझ्याकडे नाही. एकतर गाडी घ्या, नाहीतर पुण्याला चला."

दाजींना वाडी सोडायची नव्हती. ताईलाही नव्हती, पण हे ती बोलणार नव्हती. तेव्हा जीप घ्यायची ठरली. आकडा ताईने ठरवला : तीन लाख. त्यातले अडीच गाडीला आणि पन्नास हजार दुरुस्तीला बाजूला. "तुम्हाला अडीचच सांगते," ती दाजींना म्हणाली, "बाकीचे भावाजवळ राहतील." अशा रीतीने मी या मंडळात आलो. मला मोटारीतले कळते ते इतकेच, की पेट्रोल कुठून भरतात. पण माझे काम वेगळे होते. दाजी भारावले की त्यांना पाकिटासकट मागे ओढायचे.

मंडळात आणखी दोघे होते. एक भाचा; तो मोबाइलवर सगळे शोधून काढतो. दुसरे मिस्त्री. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, साठी उलटलेले, बोलायला काटकसरी. जीप बघायला निघताना त्यांनी बरोबर काय घेतले? एक लांब पेचकस, रुमालात बांधलेले लोहचुंबक, एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि एक रिकामे पोते. भाच्याने विचारले, "मिस्त्री, पान्हा नाही घेतला?" ते म्हणाले, "पान्हा घेतल्यावर लागतो. आधी नाय."

पहिली जीप शहराबाहेर जुन्या गाड्यांच्या एका आवारात उभी होती. अशी देखणी, की दाजींनी रस्त्यातच पोट आत घेतले. गर्द लष्करी हिरवा रंग, गुडघाभर रुंद टायर, पुढे दिव्यांची रांग, मागे कुदळ-फावडे टांगलेले.

"मिलिटरीची आहे साहेब," मालक म्हणाला, "लिलावातून घेतलेली."

जुन्या जीपच्या बाजारात प्रत्येक जीप मिलिटरीची असते. एकूण विकायला निघालेल्या मिलिटरी जीपा मोजल्या तर आपल्या सैन्यात पायी चालणारा जवान एकही नसावा. पण भाचा कामाला लागला होता. "मामा, हा रंग चालतच नाही," तो मोबाइल पुढे करून म्हणाला. "केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १२१. हा ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना." मालक म्हणाला, पोलीस थांबवत नाहीत, उलट सलाम करतात.

मिस्त्रींचे या वादाकडे लक्ष नव्हते. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"सकाळपास्नं चालू केलीया का?"

"छे हो, तुमच्यासाठीच ठेवलीय तशी."

"मग ताप आलाय तिला."

जीप नेहमी थंड असताना बघायची. गरम इंजिन कुणाच्याही हाताला चालू होते. त्याची खोड कळते ती रात्रभर पडून राहिल्यावर, पहिल्या चावीला. म्हणून जाण्याआधी फोन करून वेळ कळवावी आणि त्याच्या तासभर आधी जाऊन उभे राहावे, असे मिस्त्रींनी आम्हाला परतताना सांगितले. दुसऱ्यांच्या घरी जेवायला जाताना या सल्ल्याचा उलट उपयोग करावा.

मग त्यांनी रुमालातले चुंबक काढून दारामागच्या पत्र्यावरून फिरवले. चुंबक चिकटत चिकटत गेले आणि मागच्या चाकाच्या वर आल्यावर गळून पडले. तिथे पत्रा नव्हताच; गंजलेल्या भोकांवर लांबी भरून वरून रंग दिला होता. दाजी म्हणाले, "एवढं चालायचंच." मिस्त्री "व्हय" म्हणाले आणि पोते अंथरून गाडीखाली गेले.

आता बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून पेचकसाच्या मुठीचा आवाज येऊ लागला. ठण. ठण. ठण. एकेका वितीवर एकेक ठोका. आम्ही सगळे, मालकसुद्धा, वैद्याने नाडी धरल्यासारखे गप्प. ठण. ठण. भद.

पुन्हा : भद.

पुढच्या पाट्याच्या हँगरपाशी चासीला वेल्डिंगचे ठिगळ होते. ठिगळावर डांबरासारखा काळा लेप, अगदी ताजा. "खालून काळा रंग दिलाय, म्हणजे काळजी घेतलीय," मालक म्हणाला. मिस्त्री बाहेर आले, पोते झटकले आणि बोलले. दिवसभरातले त्यांचे सर्वांत मोठे भाषण हेच.

"सायेब, ह्या गाडीत जे नटबोल्टानं बसवलंय, ते समदं बाजारात मिळतं. इंजन मिळतं, गियरबॉक्स मिळतो, आख्खी बॉडी नवी मिळती. फकस्त दोन गोष्टी मिळत न्हाईत. एक चासी, दुसरा कागद. बाकी समदा हिशोब हाय."

मला आमचे आजोबा आठवले. ते पुसेगावच्या यात्रेत बैल घ्यायला जात. शिंगांचा हिंगूळ, गळ्यातल्या घुंगुरमाळा, पाठीवरची झूल यांच्याकडे ते बघतही नसत. आधी तोंड उघडून दात, मग खूर, मग चालवून, आणि शेवटी भरल्या गाडीला जुंपून. शिंगे रंगवलेला बैल दिसला की ते म्हणायचे, याच्या मालकाला रंगाचीच गरज का पडली असेल? मिस्त्रींचे शास्त्र तेच होते. पूर्वी बैलाला हिंगूळ लावत, आता जीपला रुंद टायर लावतात. त्या टायरांनी स्टेअरिंग जड होते आणि बेअरिंगांचे हाल होतात. शिवाय टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या देखण्या टायरांवर '२३१४' होते. म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कोरी होती, रबर आजोबांचे.

दुसरी जीप एका हौशी तरुणाची. हिची चासी ठणठणीत निघाली. दाजींचा जीव भांड्यात पडला, आणि मिस्त्रींनी कागद मागितले. आर.सी.वर इंधन : पेट्रोल. बॉनेटखाली इंजिन : डिझेल.

"सगळेच टाकतात काका," तरुण म्हणाला. "पेट्रोल कुणाला परवडतं?"

खरे आहे, पुष्कळ जण टाकतात. पण मोटार वाहन कायदा, १९८८ म्हणतो, कलम ५२मध्ये, की गाडीत असा बदल करायचा तर परवानगी घ्या आणि नोंद करा. नोंद नसली की गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच. रोज काही बिघडत नाही. अपघात झाला की विमेवाला नेमके हेच पान उघडतो.

मिस्त्रींनी चासीवर ठोकलेल्या नंबरावर कोरा कागद धरून पेन्सिल घासली. नंबर उमटला. लहानपणी आपण नाण्याचा छाप घेत असू तसाच. फक्त इथे एक आकडा चुकला तर नाणेही खोटे आणि आपणही. मिस्त्री तो कागद आर.सी.शी ताडून बघतात. आकडे जुळले पाहिजेत, आणि त्यांच्या आजूबाजूला घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नको. या जीपचा चासी नंबर जुळला. इंजिनचा जुळण्याचा प्रश्नच नव्हता.

"फोर व्हील आहे ना पण?" दाजींनी शेवटची आशा धरली.

"म्हणजे काय! हा बघा दांडा." दांड्याला तांबडी मूठ होती. तरुणाने तो खटकन मागे ओढला. दांडा अगदी रुबाबात मागे आला. मिस्त्री वाकले, पुढच्या चाकांच्या मधे बघितले आणि सरळ झाले. चारही चाके ओढणाऱ्या जीपच्या पुढच्या आसालासुद्धा मागच्यासारखा डिफरन्शियलचा भोपळा असतो आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट असतो. इथे साधी आडवी दांडी होती. जीप म्हटली की फोर व्हीलच, असा आपला समज असतो. कारखान्यातून साध्या दोन चाकांवर ओढणाऱ्या जीपाही भरपूर निघाल्या. दांडा पुढे कशालाच जोडलेला नव्हता. असे दांडे मी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांना तांबडी मूठ नव्हती.

"चारच चाकं आहेत की," तरुण म्हणाला. हे मात्र त्याला कुणी खोडून काढू शकले नाही.

तिसरी जीप बघायला जाताना दाजींनी पोट आत घेतलेच नाही. वाईजवळच्या एका खेड्यात गोठ्याच्या पडवीत ती उभी होती. महिंद्रा एमएम ५४०, मूळचा रंग बहुधा पांढरा, आताचा ताकासारखा. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. मालक निवृत्त मास्तर. आम्ही तासभर लवकर पोचलो म्हणून ते ओशाळले, कारण चहाचे आधण ठेवले नव्हते. बॉनेट मात्र थंडगार होते.

कागदांची पिशवी त्यांनी न मागता आणून दिली. पहिली नोंदणी १९९४ची. पंधरा वर्षांनी, २००९ साली, पहिले नूतनीकरण. मग दर पाच वर्षांनी २०१४, २०१९, २०२४. हरित कराच्या पावत्या. विमा चालू. बँकेचा बोजा कधीच उतरवलेला, त्याचेही पत्र. भाच्याने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून चलने बघितली. थकलेले एकही नव्हते. पेन्सिल घासली : चासी जुळली, इंजिन जुळले. मिस्त्री पोते घेऊन खाली गेले. ठण, ठण, ठण, अगदी मागच्या टोकापर्यंत. देवळात घंटा वाजावी तसे आम्हाला वाटले. गंज होता, पण वरवरचा, आणि त्यावर काहीही फासलेले नव्हते.

मग दोष निघू लागले, आणि भरपूर निघाले. मास्तरांनी हीटर देऊन चावी फिरवली. तिसऱ्या आचक्याला इंजिन लागले. आधी पांढरा धूर आला, तो इंजिन तापताच विरला. मिस्त्रींनी धुराची बाराखडी सांगितली : थंडीतला पांढरा लगेच जातो, जात नसेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय का बघा, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पंप नाहीतर नोझल, आणि निळा म्हणजे तेल जळतंय, इंजिन खोलायची तयारी ठेवा. तेलाची टोपी उघडून वर हात धरला. दम थोडा लागत होता, वयाच्या मानाने ठीक. काडीवरचे तेल काळे होते, म्हणजे बरे होते. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले असते तर पाणी मिसळले असे समजून आम्ही चहाही न घेता उठायचे, असे आधीच ठरले होते.

चालवताना उताराला ॲक्सिलरेटर सोडला की सेकंड गियर आपसूक निसटून बाहेर यायचा. ब्रेक दोनदा पंप केल्याशिवाय लागत नव्हते. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले तर किंगपिन खुळखुळले. डाव्या अंगाचा एक पाटा तुटलेला, त्यामुळे जीप कान देऊन ऐकत असल्यासारखी एका बाजूला कललेली. शाफ्टचा क्रॉस क्लच सोडला की टक करायचा.

दाजींचा चेहरा उतरत चालला. मिस्त्रींचा खुलत चालला. त्यांनी विडीच्या बंडलाचा कागद उलटा केला आणि त्यावर लिहायला सुरुवात केली : पाटा, ब्रेक, किंगपिन, क्रॉस, गियरबॉक्स. मजुरी धरून बेरीज आली चव्वेचाळीस हजार. ताईने बाजूला ठेवलेल्या रकमेतून सहा हजार उरत होते. "समदा हिशोब हाय," मिस्त्री म्हणाले. पहिल्या जीपच्या चासीचा आणि दुसरीच्या कागदांचा असा हिशोब त्या विडीच्या कागदावर मांडता आला नसता.

शेवटी फोर व्हील. नदीकाठच्या मुरमाड चढावर जीप नेली. ही परीक्षा डांबरी रस्त्यावर घ्यायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत. मातीत ती थोडी घसरून आपसांत मिटवतात, कोरड्या डांबरावर मिटवता येत नाही आणि सगळा ताण आतल्या गियरांवर येतो. (संयुक्त कुटुंबाला अंगण का लागते, हे मला त्या दिवशी समजले.) मास्तरांनी दांडा टाकला. जीप चढाला लागली आणि पुढच्या चाकांनी मुरूम मागे फेकला. वर पोचल्यावर दाजींनी डोंगराकडे बघितले. या वेळी तिथे खरोखरच डोंगर होता.

सौदा झाला, फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या, कोंबडी उठवली गेली. आम्ही निघताना मास्तर पुढे आले.

"एक सांगायचं राहिलं. तुमच्या वाटेवर ओढा आहे म्हणालात. पाण्यातून बाहेर आलात की हिचे ब्रेक लगेच लागत नाहीत. थोडं हळू घ्या आणि पेडल दाबत दाबत न्या, ते वाळतात. आणि हे विसरू नका हं."

हा दोष आमच्या यादीत नव्हता. चुंबकाला सापडला नव्हता आणि पेचकसाला ऐकू आला नव्हता. मिस्त्रींनी विडीचा कागद काढला, पण त्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. त्यांनी मास्तरांना नमस्कार केला. ते कुणाला सहसा नमस्कार करत नाहीत.

जुलैत मी वाडीवर गेलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. गुरुवारचा बाजार होता आणि ताईला गुडघा दाखवायला खाली जायचे होते. दाजी गाडीवर, ताई शेजारी, आणि मागे मी, चार पोती आणि चार माणसे. ती चार माणसे म्हणजे मागच्या ऑगस्टमध्ये बाज उचलणारी तीच. ओढा आला. दाजींनी दांडा टाकला, जीप बोनेटभर पाणी उडवत पलीकडे गेली, आणि दाजी पेडल दाबत दाबत, हळूहळू, उताराला लागले.

ताईने वळून मागे बघितले आणि मोजले. चौघे होते.

"अंग चोरून कशाला बसता रे?" ती म्हणाली. "मागच्या खेपेला तुम्ही मला नेलंत. या खेपेला मी नेतेय. नीट धरून बसा."